हरभऱ्याची आंब

जानेवारीची पहाट. रब्बीच्या रानात हरभरा फुलावर आलाय. पानांवर, फांद्यांवर बारीक लव आणि लवेच्या टोकाशी इवले इवले थेंब. दवच वाटतं. पण शेंडे खुडून झाल्यावर बोट जिभेला लावा, दात आंबतात. हे थेंब झाडानंच स्रवलेलं आम्ल आहे, मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक. हीच हरभऱ्याची आंब. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेच्या संशोधकांनी पाहिलं, की यातल्या ऑक्झॅलिक आम्लानं हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीची वाढ खुंटते.

घरी रसायनशास्त्र करू पाहणाऱ्या पोरांना आधी गंधकाम्ल नाहीतर नायट्रिक आम्ल करून बघायचं असतं. तो नाद नको. त्या वाफा फुप्फुसं जाळतात. शिकायला ही आंब पुष्कळ आहे.

पातळ सुती कापड घ्यायचं. मलमल असो वा जुनं धोतर, साबणाचा अंश त्यात राहता कामा नये. साबण अल्कधर्मी, तो आंब मारतो. संध्याकाळी कापड पिकावर अंथरायचं. रात्रभर दव पडतं, आंब त्यात उतरते. उन्हं वर यायच्या आत कापड उचलून काचेच्या भांड्यात पिळायचं. तांब्यापितळेचं भांडं नको, आंब ते खाते. आदल्या दिवशी पाऊस शिंपडून गेला असेल तर हाती फारसं लागत नाही. फवारणी झालेलं रान तर सोडूनच द्यायचं.

आता हे आम्ल ओळखायचं कसं? जास्वंदीच्या पाकळ्यांच्या काढ्यात टाकलं की काढा लालभडक होतो. खायच्या सोड्यावर फसफसतं. पण खरी गंमत चुन्याच्या निवळीत आहे. वरचं नितळ पाणी तेवढं घ्या, डोळे-हात सांभाळून, आणि आंब थेंब थेंब सोडा. पाणी दुधाळ होतं. वर व्हिनेगर ओता. साधी चुनखडी असती तर विरघळली असती, हा साका तसाच राहतो. तो कॅल्शियम ऑक्झॅलेट. कार्ल शीले या स्वीडिश औषधविक्रेत्यानं 1785 मध्ये सफरचंदाच्या रसातून मॅलिक आम्ल वेगळं काढलं, तेव्हा त्याच्याही हाताशी असेच साके आणि क्षार होते.

जुनी माणसं पोटदुखीवर आंबेचे थेंब द्यायची. घोटघोट मात्र पिऊ नका. बहुतेक मुतखडे याच कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात.