देवमासा आणि दयाळ

नमस्कार श्रोतेहो.

मार्च लागला की आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर उजाडायच्या आधीच एक दयाळ येऊन बसतो. काळा-पांढरा, शेपटी ताठ वर, वजन जेमतेम ३५ ग्रॅम. पण शीळ घातली की चार इमारतींपलीकडचा माणूस कूस बदलतो.

आज या दयाळाला मी हंपबॅक देवमाशाशेजारी बसवणार आहे. नावात मासा असला तरी हा पिलांना दूध पाजणारा प्राणी. तीस टनांचं धूड, म्हणजे साधारण साडेआठ लाख दयाळांचं वजन! जोडी विजोड आहे खरी. पण १९७१ साली रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे या संशोधकांनी या प्राण्याच्या आवाजांना ‘गाणं’ म्हटलं, ते पक्ष्यांच्या गाण्याचाच दाखला देऊन. ठरावीक सूर, ठरावीक क्रम, आणि तोच क्रम पुन्हा पुन्हा. एक गाणं सात मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत चालतं. संपलं की परत पहिल्यापासून, असं तासन्‌तास. त्याचं ध्वनिमुद्रण वेग वाढवून वाजवलं, तर एखादं पाखरूच गातंय असं वाटतं. तुम्हाला ऐकवायचा मोह होतोय, पण त्यातला खर्ज घरातल्या लहानशा रेडिओला पेलायचा नाही.

दयाळाचं स्वरयंत्र छातीत, श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथे असतं. दोन्ही फाट्यांतून वेगवेगळे सूर निघू शकतात. देवमासा गाताना हवा बाहेर सोडतच नाही, आतल्या आत खेळवतो. म्हणून बुडबुडेही दिसत नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. दयाळ आपल्या मनाचा राजा. पलीकडच्या गच्चीवरच्या दयाळाच्या चिजा वेगळ्या, शिवाय मधेच दुसऱ्या पक्ष्यांची नक्कलही घुसडतो. देवमाशांचं मात्र भजनी मंडळ! एका भागातले सगळे नर त्या हंगामात एकच गाणं म्हणतात. ते हळूहळू बदलतं, आणि बदल सगळेच उचलतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर १९९६ साली दोन नर भलतंच गाणं गाताना आढळले. ते होतं पश्चिम किनाऱ्यावरचं. १९९८ उजाडेपर्यंत पूर्वेकडच्या सगळ्यांनी आपलं जुनं गाणं सोडून हेच धरलं होतं. सिनेमातलं नवं गाणं गावभर व्हावं, तसंच की हे!

हे सगळं लांबच्या समुद्रातलं, असं समजू नका. अरबी समुद्रातले हंपबॅक इतरांसारखे थंड पाण्याकडे जात नाहीत, बारा महिने इथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्याजवळ त्यांची संख्या शंभराच्याही आत असावी, असा अंदाज आहे. आणि २०१७ च्या मार्चमध्ये गोव्याजवळ पाण्याखाली सोडलेल्या ध्वनिग्राहकांवर त्यांचं गाणं उमटलं. मार्च, म्हणजे किनाऱ्यावरच्या माडांवर दयाळही गळा मोकळा करायला लागले असतील.

नमस्कार.