लहान विवर जास्त तापतं

हंस तारकासमूहात, पक्ष्याच्या मानेजवळ, नवव्या प्रतीचा एक निळा तारा आहे. छोट्या दुर्बिणीतूनही दिसतो. दर ५.६ दिवसांनी तो न दिसणाऱ्या सोबत्याभोवती एक फेरी पुरी करतो. १९६४ साली रॉकेटमधून पाठवलेल्या उपकरणाला त्या दिशेकडून क्ष-किरण येताना सापडले. तो सोबती म्हणजे सिग्नस एक्स-१, सूर्याच्या सुमारे २१ पट वस्तुमानाचं कृष्णविवर.

विवरातून प्रकाश बाहेर येत नाही, मग हे क्ष-किरण कुठले? ते आत पडण्यापूर्वीच्या वायूचे. ताऱ्यापासून ओढलेला वायू सरळ पडत नाही, गोल फिरत राहतो आणि त्याची चकती बनते. चकतीचा आतला थर बाहेरच्यापेक्षा जोरात फिरतो. चुंबकीय क्षेत्रांमुळे या थरांत ओढाताण होते, वायू तापतो आणि हळूहळू आत सरकतो. ताऱ्यांच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाचा ०.७ टक्का ऊर्जेत बदलतो. इथे, विवराच्या फिरकीनुसार, ६ ते ४२ टक्के. मला ही तुलना दरवेळी थक्क करते.

आता गंमत पाहा. विवर दहापट मोठं घ्या. भरपेट खाणाऱ्या विवराचं तेज दहापटच वाढतं, कारण त्यापुढे प्रकाशाचा दाबच येणाऱ्या वायूला मागे रेटतो. पण त्रिज्याही दहापट झाली, म्हणजे चकतीचं क्षेत्रफळ शंभरपट! दहापट आच, शंभरपट मोठा तवा. तव्याच्या तेवढ्याच तुकड्याला आता एक दशांश आच मिळते. म्हणून दहा सूर्यांएवढ्या विवराभोवती आतली चकती कोटीभर अंश तापते आणि क्ष-किरण फेकते. अब्ज सूर्यांएवढ्या विवराभोवती ती लाखभर अंशांवर थांबते आणि मुख्यतः अतिनील प्रकाश देते. क्वेसारांची, म्हणजे अशी विवरं पोटात असलेल्या दूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांची, निळसर झळाळी त्यातूनच येते.

वस्तुमानाने घड्याळही बदलतं: लहान विवराभोवती सगळं भराभर घडतं, मोठ्याभोवती संथपणे. गरुड तारकासमूहातल्या जीआरएस १९१५+१०५ या लहान विवराचे क्ष-किरण कधीकधी पन्नासेक सेकंदांच्या ठोक्याने वरखाली होतात. आलेख थेट ईसीजीसारखा दिसतो. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या अवकाशातल्या वेधशाळेनेही या विवराकडे पाहिलं आहे, आणि त्यावरचं लॅक्सपीसी हे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनलं.

आकाशगंगेच्या केंद्रातलं सॅजिटेरियस ए* हे विवर सुमारे ४० लाख सूर्यांचं. तिथे वायू फारच थोडा पोहोचतो, म्हणून ते मंद आहे. पण आतला वायू काही मिनिटांत फेरी मारतो. एम८७ या दुसऱ्या दीर्घिकेतलं विवर ६५० कोटी सूर्यांचं. तिथे अशा फेरीला दिवस, आठवडे लागतात. इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने, म्हणजे जगभरच्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने, दोन्ही विवरं एप्रिल २०१७ मध्ये टिपली. एम८७ चं कडं रात्रभर जवळजवळ स्थिर राहिलं. ते चित्र २०१९ मध्ये आलं. आपल्या विवराभोवतीचा वायू मात्र टिपता टिपताच रूप बदलत होता. त्याचं चित्र जगाला दिसायला मे २०२२ उजाडला.