मेल्यावर किती मोजायचं?

मंडळी, संयोजकांनी माझी ओळख ‘संगणक खेळांचे अभ्यासक’ अशी करून दिली. अभ्यास टाकून जे केलं, त्यालाच आज कुणी अभ्यास म्हणतंय, हे ऐकायला आई असायला हवी होती. मी अभ्यासक वगैरे काही नाही, खेळणारा माणूस आहे. पस्तीस वर्षं खेळलं की मतं साठतात, आणि घरात ती ऐकून घेणारं कुणी उरलेलं नसतं, म्हणून इथे आलोय.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘फोनवरच्या गेमनी काय बिघडवलं’. त्यावर बोलणार आहेच. पण आधी माझी मोजपट्टी तुमच्या हातात द्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं म्हाताऱ्याची कुरकुर वाटेल. नवा गेम समोर आला की मी ग्राफिक्स बघत नाही, कथा बघत नाही. आधी एकदा मरून बघतो. मेल्यावर हा माझ्याकडून काय मागतो? नाणं? वेळ? की काहीच नाही? आपल्याला तो काय समजतो, ते तिथे कळतं.

सुरुवात नाण्यापासून झाली. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला, नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरचा गेम. वरून ५५ परग्रहवासी रांगेनं सरकत येतात, आपण खालून गोळ्या झाडायच्या. जसे ते मरतात, तसे उरलेले जास्त जोरात पळू लागतात. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. प्रोसेसर बिचारा इतका मंद, की ५५ जणांना हलवताना त्याची दमछाक व्हायची. गर्दी ओसरली की तो सुटायचा. निशिकादोंच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. थोडक्यात, आपण जिंकत आलो की मरण जवळ, आणि मेलो की पुढचं नाणं. त्या यंत्राचं पोटच आपल्या मरणावर. तीन लाइफचा हिशेबही तिथलाच. पहिल्या फटक्यात मेलं तर गिऱ्हाईक चिडून निघून जाणार, फार वेळ जगलं तर मागच्या रांगेतलं निघून जाणार.

१९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ घरात आला. तिथेही तीन लाइफ. आता घरात कोण नाणं मागतंय? कुणी नाही, पण सवय सुटेना. मजा बघा, त्यात नाणी आहेत! हवेत लटकलेली. शंभर गोळा केली की एक लाइफ. नाणं यंत्राच्या फटीतून निघालं आणि चित्रात जाऊन बसलं. हे माझ्या लक्षात यायला वीस वर्षं लागली, आणि लक्षात आल्यावर सांगायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

आता ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. इथे मी थोडा रेंगाळणार, संयोजकांनी घड्याळाकडे बघू नये.

१९८९ चा गेम. जॉर्डन मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चौकट बघून राजपुत्र रेखाटला. म्हणून तो तसा धावतो, कडेला लोंबकळतो, धडपडून उठतो. धाकटे भाऊ असे कामाला येतात. माझ्या धाकट्याचं सांगतो आता.

नियम असा की ६० मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं. मरा हवं तितकं, लेव्हल पुन्हा पहिल्यापासून मिळते, पण घड्याळ मागे येत नाही. म्हणजे इथे मरणाचं नाणं म्हणजे मिनिटं. आणि सेव्ह, म्हणजे जिथवर पोचलो ते जपून ठेवणं, पुढच्या वेळी तिथूनच लोड करता यावं म्हणून? ते तिसऱ्या लेव्हलपासून पुढे, कंट्रोल आणि जी दाबून. फाइल एकच. नवं सेव्ह केलं की जुनं पुसलं. शिवाय उरलेली मिनिटंही त्याच्याबरोबर सेव्ह होतात, म्हणजे उधळपट्टी करून पुढे गेलात तर तीच कंगाली कायमची जपून ठेवलीत.

आमच्याकडे एक कीबोर्ड आणि दोन भाऊ. बाणांवर मी, शिफ्टवर तो. शिफ्ट दाबली की राजपुत्र जपून, एकेक पाऊल टाकतो, खिळ्यांच्या खड्ड्याच्या अगदी काठापर्यंत. मी ‘दाब’ म्हटलं की त्यानं दाबायची. आठ वर्षांचा होता. त्याला वाटायचं आपण अर्धा गेम खेळतोय, मला वाटायचं आपण त्याला लिंबूटिंबू म्हणून घेतलाय. अशा रीतीनं कित्येक आठवडे खपून मी नवव्या लेव्हलला ३१ मिनिटं शिल्लक ठेवून सेव्ह केलं होतं. ३१! खेळलेल्यांना त्याचा अर्थ कळेल. बाकीच्यांनी मान डोलवा.

एक दिवस बाहेरून आलो तर हा दारातच उभा. चेहरा फुललेला. “दादा, मी एकट्यानं सांगाडा पाडला!” तिसऱ्या लेव्हलला एक सांगाडा उठून तलवार घेतो, तो तलवारीनं मरतच नाही, त्याला ढकलत ढकलत कडेवरून खाली पाडावा लागतो. मी म्हटलं, शाब्बास. तर म्हणाला, “आणि तू करतोस तसं सेव्हपण केलं.”

मी काही न बोलता संगणकापाशी गेलो. लोड केलं. लेव्हल तीन. शिल्लक मिनिटं, नऊ.

त्यापुढे काय झालं ते सांगत नाही, कारण तो आज दुसऱ्या रांगेत बसलाय आणि त्याची मुलंही शेजारी आहेत. त्याचं अजून एकच पालुपद: चूक माझी नाही, फाइल एकच ठेवणाऱ्याची. बरीच वर्षं मला हा निव्वळ कांगावा वाटायचा. आज वाटतं, मुद्दा बरोबर आहे, फक्त निष्कर्ष उलटा काढायला हवा. एकच फाइल होती म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून खेळलो, आणि दुसऱ्या खेपेला नवव्या लेव्हलला पोचलो तेव्हा ३८ मिनिटं हातात होती. पाय आपोआप पडत होते. पहिल्या खेपेला मी वाट शोधत होतो, दुसऱ्या खेपेला मी तो राजपुत्र होतो.

शेवटच्या लेव्हलला आपल्यासमोर आपलीच सावली तलवार उपसून उभी राहते. ती सावली कुठून आली? मेमरीत नव्या शत्रूच्या चित्रांना जागाच उरली नव्हती, म्हणून मेकनरनं नायकाचीच चित्रं फिरवून वापरली. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की ती सुटते आणि पुढे छळत राहते. आता शेवटी तिच्यावर वार केला, की आपलंच रक्त कमी होतं. ती मेली तर आपण मेलो. उपाय एकच, तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगावर चालत जायचं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सात-आठ वेळा स्वतःला मारल्यावर कळलं. किंमत मोजल्याशिवाय न कळणारी गोष्ट म्हणजे ही.

बरं, ‘आयजीआय’. हात वर करा. बघा, निम्मा हॉल! २००० सालचा गेम, १४ मोहिमा, आणि मोहिमेच्या मध्ये सेव्ह नाही. अजिबात नाही. चाळीस मिनिटं तारेच्या कुंपणाकडेनं सरपटत, कॅमेरे चुकवत, शिडीवरच्या पहारेकऱ्याची पाठ वळायची वाट बघत इथवर यायचं, आणि लांबच्या मनोऱ्यावरून कुणीतरी एक गोळी घालणार. पुन्हा पहिल्यापासून. मी त्या गेमला दिलेल्या शिव्या इथे छापता येणार नाहीत. दुसऱ्या भागात मग मोजके सेव्ह दिले. पण त्या पहिल्या भागातला एकेक मनोरा मला आजही पाठ आहे, आणि दुसऱ्यातलं म्हणाल तर काही आठवत नाही.

याउलट क्विकसेव्ह. एक बटण, केव्हाही, कितीही. ‘हाफ-लाइफ’, १९९८, उत्तम गेम, पण मी तो कसा खेळलो? दार दिसलं, सेव्ह. दार उघडलं, सेव्ह. अंगावर ओरखडा आला, लोड. याला आपण लहानपणी रडीचा डाव म्हणायचो. ‘एक्सकॉम’चा २०१२ सालचा अवतार बघा. बंदूक परग्रहवासीयाच्या नाकाला टेकलेली, पडद्यावर ९५ टक्के लिहिलेलं, आणि नेम चुकतो! मग आपण काय करणार? लोड. पुन्हा तीच गोळी. पुन्हा चुकली. पुन्हा लोड, पुन्हा चुकली. कारण गेमनं नशीबही सेव्ह करून ठेवलेलं असतं, तीच चाल केलीत तर तेच फळ. त्या दिवशी मी त्या गेमला मनातल्या मनात नमस्कार केला. आपण रडी खेळणार हे त्याला आधीच माहीत होतं.

‘माइनस्वीपर’बद्दल एकच वाक्य. ३० बाय १६ चा पट, ९९ सुरुंग, सगळं तर्कानं सोडवून आणावं आणि शेवटच्या दोन चौकटींत कुठलाही तर्क चालू नये, याला मी अन्याय म्हणतो. दोन वाक्यं झाली. पहिली टिचकी तो कधी फुटू देत नाही, एवढी माणुसकी होती तर शेवटी का नाही? तीन.

हं, चिठ्ठी आली. ‘सात मिनिटं’. म्हणजे पत्रिकेतला विषय सात मिनिटांत.

भराभर घेतो. ‘डार्क सोल्स’, २०११. कठीण म्हणून त्याचा फार उदोउदो होतो, मला तो त्यासाठी आवडत नाही. मेलो की साठवलेलं सगळं मेल्या जागी पडून राहतं, तिथवर परत पोचलात तर तुमचं. वाटेत पुन्हा मेलात तर गेलं. म्हणजे दंड आहे, पण सोडवून घेण्याची एक संधी आहे. ‘सेलेस्ट’, २०१८, बरोबर उलट. मेलं की त्याच पडद्यावर क्षणात जिवंत, दंड शून्य, आणि गेम स्वतःच सांगतो की मरणांच्या आकड्याचा अभिमान बाळग. सहसा फुकट मरण मला आवडत नाही, पण इथे एकेक पडदाच असा आखलेला आहे, की दंड त्या उडीतच भरून होतो. त्याच वर्षीचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते शोधायचं. आपण मरतच नाही. पण तीन जणांची नावं आणि नशिबं बरोबर जुळली तरच गेम ‘होय’ म्हणतो, म्हणून ठोकताळे फार चालत नाहीत. किंमत आहे, फक्त ती डोक्यानं मोजायची.

आता फोन. ‘कँडी क्रश’, २०१२. पाच लाइफ. एक गेली की परत यायला अर्धा तास. थांबायचं नसेल तर पैसे. पाहिलंत? नाणं परत आलं! निशिकादोंच्या यंत्रातलंच नाणं. पण एक फरक आहे आणि आज मला एवढंच सांगायचं होतं. ते यंत्र नाणं घ्यायचं खेळायच्या आधी, शांत डोक्यानं. फोन मागतो हरल्यावर, शेवटची एकच चाल कमी पडली असताना, अंगठा अजून पडद्यावर असताना. आणि घेतो ते खेळण्यासाठी नव्हे, न थांबण्यासाठी. आयजीआयनं माझी चाळीस मिनिटं घेतली, पण ती खेळण्यात घेतली. इथे अर्धा तास मी काहीच करत नाही, आणि तोच अर्धा तास मला विकला जातो.

त्याच्याही पुढे लूट बॉक्स. पैसे भरून बंद पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब. इथे तर खेळातला पराभवही लागत नाही, पराभव पेटीतच भरलेला. बेल्जियमनं २०१८ साली त्याला सरळ जुगार ठरवलं. यावर माझ्याकडे चार पानं टिपणं आहेत, ती राहिली. जाहिराती बघून मिळणारी लाइफ, तेही राहिलं.

दोन मिनिटं? चालेल. ‘टेट्रिस’. १९८४, अलेक्सेइ पाजित्नोव, मॉस्को. वरून पडणारे ठोकळ्यांचे सात आकार रचत जायचं, आणि तो मूळ गेम जिंकताच येत नाही. कितीही चांगलं खेळा, शेवटी ढीग वर येतो आणि आपण जातो. सगळेच जातात. माझ्या मोजपट्टीत हा बसतच नव्हता, कारण इथे मरण ही किंमत नाही, तोच शेवट. मग २०२३ च्या डिसेंबरात निन्टेन्डोच्या १९८९ च्या टेट्रिसवर १३ वर्षांचा एक मुलगा इतका पुढे गेला, की १५७ व्या लेव्हलला गेमच गोठला. ठोकळे हलेनात. चौतीस वर्षं प्रत्येकाला हरवून झाल्यावर पहिल्यांदा समोरचा शाबूत होता आणि यंत्र अडकलं होतं.

घंटा वाजली. प्रश्न असतील तर बाहेर विचारा. दुसऱ्या रांगेतल्या गृहस्थांचे मात्र घेणार नाही, त्यांचा प्रश्न मला माहीत आहे.