शेवटची वीत: मिशावाल्या माशासाठी लीडर

श्रोतेहो, नमस्कार.

गळाला मोठा मासा लागतो, छडी वाकते, काठावरचे चार लोक धावत येतात आणि तेवढ्यात दोरा सैल पडतो. ओढून पाहावं तर गळ गेलेला. मग सगळे म्हणतात, मासाच भारी होता. आज मला त्या तुटलेल्या टोकाबद्दल बोलायचं आहे. ते टोक फेकून देऊ नका, उजेडात धरून बघा. ते पांढरट आणि खरखरीत दिसत असेल, त्याआधीचा हातभर दोराही नखाला खरबरीत लागत असेल, तर दोरा घासून तुटला. टोकाला वेटोळी उरली असतील तर गाठ सरकली. आणि टोक ताणून बारीक झालं असेल, तरच माशाचा जोर दोऱ्याच्या ताकदीपेक्षा जास्त झाला असं म्हणा. आपल्या वैनगंगेच्या आणि वर्धेच्या काठावर मी जी टोकं पाहतो, ती बहुतेक घासलेलीच असतात.

म्हणून गळाच्या आधीचा वीत-दोन वीत लांबीचा तुकडा वेगळा निवडायचा. त्यालाच लीडर म्हणतात. रीळावरून येणारा मुख्य दोरा, त्यावर सरकतं शिसं, मग पितळेची किंवा स्टीलची छोटी फिरकी, म्हणजे दोन कड्यांचा गरगर फिरणारा सांधा, फिरकीच्या दुसऱ्या कडीला लीडर आणि लीडरच्या टोकाला गळ. गावाकडे पुष्कळ जण मुख्य दोऱ्यालाच थेट गळ बांधतात. लहान मासळीसाठी ते चालतं. शिंगाडा, मांगूर, शिवडा असा मिशावाला, बिनखवल्याचा मासा हवा असेल तर मात्र हा वेगळा तुकडा लागतोच.

का लागतो, ते त्या माशाच्या तोंडात बोट घालून कळतं, पण तो मासा लहान असेल तरच घाला. मांगूर किंवा शिंगाड्याच्या जबड्यात सुळे नसतात. बारीक दातांच्या दाट पट्ट्या असतात, कानशीसारख्या खरखरीत. त्या दोरा एका फटक्यात कापत नाहीत. मासा दहा-पंधरा मिनिटं झुंजतो, डोकं झटकतो, आणि तेवढा वेळ दोरा त्या पट्टीवर मागे-पुढे घासत राहतो. शिवड्याची गोष्ट थोडी निराळी. मध्य प्रदेशाच्या बाजूला त्याला पढीन म्हणतात. त्याचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो, दात अधिक टोकदार असतात, आणि हा मासा मीटरभराच्याही वर वाढतो. त्यात या जातीला अंगाभोवती गिरक्या घ्यायची सवय. गिरकी घेतली की लीडर अंगावर गुंडाळला जातो आणि तिथेही घासतो.

आता दुकानात काय काय मिळतं ते बघू. साधा एकतारी नायलॉन, ज्याला आपण तंगूस म्हणतो, विणलेला दोरा, म्हणजे ब्रेड, फ्लोरोकार्बन, आणि तारेचा लीडर.

विणलेला दोरा बारीक असून ताकदवान असतो, ताणत नाही, आणि माशाचा साधा स्पर्शही हाताला कळवतो. मुख्य दोरा म्हणून तो उत्तम. पण दगडावर किंवा माशाच्या त्या कानशीवर त्याचे बारीक धागे एकेक करून तुटत जातात. लीडर म्हणून तो मी कोणालाच सुचवत नाही.

फ्लोरोकार्बनची जाहिरात असते की तो पाण्यात दिसत नाही. त्यात तथ्य आहे. नायलॉनच्या मानाने त्याच्यातून प्रकाश कमी वळतो, त्यामुळे स्वच्छ पाण्यात तो खरोखर कमी दिसतो. तो जड असतो, तळाशी लवकर बसतो आणि घासणंही बऱ्यापैकी सोसतो. पण आपल्याकडे आषाढ-श्रावणात नदी लाल-पिवळी होऊन वाहते आणि मामा तलावाचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचं, पाणी बाराही महिने थोडं गढूळच असतं. आपला मासा आमिष शोधतो तो वासाने आणि मिशांनी. शिवाय तो फिरतो रात्री. ज्याला दोरा दिसायचाच नाही, त्याच्यासाठी न दिसणाऱ्या दोऱ्याचे जास्तीचे पैसे का मोजायचे? तेच पैसे चांगल्या फिरकीत घाला. कधीकधी पाचपट किमतीचा लीडर केवळ शहरातला मित्र वापरतो म्हणून घेतलेला दिसतो, तेव्हा मला वाईट वाटतं, कारण तो पैसा अनेकदा मजुरीतून आलेला असतो.

तार फक्त दातांनी दोरा कापणाऱ्या माशासाठी. आपल्या या माशांना ती लागत नाही. तिला मोड बसला की तिथेच ती तुटते, आणि आमिष ताठ, अनैसर्गिक राहतं.

राहिला साधा नायलॉन. माझं उत्तर तोच. थोडा ताणतो, त्यामुळे माशाचा पहिला झटका सोसतो. जाड घेतला की घासणं सोसतो. गाठ नीट बसते. तालुक्याच्या बाजारात मिळतो. त्याचे दोष दोन. एक, तो पाणी शोषतो आणि ओला झाल्यावर त्याची ताकद थोडी उतरते. दुसरा, उन्हाने तो कमजोर होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दुकानाच्या दारावर वर्षभर उन्हात लटकलेलं बंडल स्वस्तात देत असतील तरी घेऊ नका. आतल्या कपाटातलं मागा.

नायलॉन येण्यापूर्वी काय होतं, हेही सांगतो. नायलॉनचा शोध १९३५ साली अमेरिकेत लागला. त्याआधी युरोपातले गळवाले लीडरसाठी रेशमाच्या अळीची ग्रंथी व्हिनेगरमध्ये भिजवून, ओढून, वाळवून तिचा चिवट धागा करत. मला याचं फार अप्रूप वाटतं, कारण आपल्या आरमोरीकडे आणि भंडाऱ्याच्या जंगलात ऐनाच्या झाडावर टसरचे कोष पिकवणारा जो ढिवर समाज आहे, तोच तलावातली मासळीही धरतो. दोन्ही विद्या एकाच घरात आहेत.

आता जाडी. गावातली पोरं हाच प्रश्न आधी विचारतात, “भाऊ, किती नंबरचा घेऊ?” बंडलावर मिलीमीटरमध्ये जाडी लिहिलेली असते. ०.४० मिलीमीटरचा साधारण नायलॉन आठ-नऊ किलोला तुटतो, ०.५० चा बारा-तेरा किलोला, ०.६० चा सतरा-अठराच्या आसपास. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो, आणि गाठ मारली की त्यातूनही काही वजा होतं. तलावातल्या मांगूर आणि शिंगी या लहान मिशावाल्या माशांसाठी ०.४० पुरे. नदीतल्या शिंगाड्यासाठी ०.५० ते ०.६०. मोठा शिवडा असणारा डोह असेल तर ०.७० पर्यंत जा. त्याच्यावर गेलात तर दोरा काडीसारखा ताठ होतो, आणि मासा आमिष तोंडात घेऊन लगेच टाकून देतो.

पण हे आकडे अर्धंच काम करतात. उरलेलं अर्धं तळ ठरवतो, आणि माझ्या मते तेच मोठं अर्धं आहे. मासा कोणता हे विचारण्याआधी पाण्याखाली काय आहे हे विचारा.

पवनीच्या खाली किंवा प्राणहितेच्या बाजूला जिथे खडकाळ पट्टे आहेत, तिथे दोरा दगडाच्या कडेवर घासणार, हे धरूनच चाला. तिथे लीडर जाड हवा. अडचण अशी की जाड लीडर लावला आणि शिसं दगडाच्या खाचेत अडकलं, तर ओढल्यावर मुख्य दोराच वरून तुटतो, आणि पंचवीस-तीस हात नायलॉन नदीत जातो. यावर उपाय आहे. शिसं थेट दोऱ्यावर ओवू नका. ०.२५ मिलीमीटरच्या वीतभर बारीक तुकड्यावर ते वेगळं टांगा. अडकलं तर तेवढा बारीक तुकडा तुटेल, शिसं जाईल, मासा आणि बाकी सगळं तुमच्या हातात राहील. शिशाऐवजी मोटारसायकलचा जुना स्पार्क प्लग किंवा गंजका नट लावला तर आणखी चांगलं. शिसं विषारी असतं. पाण्यात जितकं कमी जाईल तितकं बरं.

गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात गोष्ट उलटी आहे. तिथे बुडालेल्या झाडांची खोडं आणि फांद्या आहेत. तिथे अडकतो तो शिशापेक्षा गळ, लाकडात रुतून बसतो. तिथे लीडर मुख्य दोऱ्यापेक्षा कमी ताकदीचा हवा, म्हणजे ओढल्यावर फिरकीच्या खालीच तुटेल. मग जाडी आणि कमी ताकद दोन्ही कशी साधायची? इथेच विणलेला मुख्य दोरा कामाला येतो. वर वीस किलोचा बारीक विणलेला दोरा, खाली ०.५० चा नायलॉन लीडर. खालचा दिसायला जाड, घासणं सोसणारा, आणि तरीही तुटायची वेळ आली तर तोच आधी तुटणार. विणलेला दोरा परवडत नसेल तर मुख्य नायलॉन ०.६० आणि लीडर ०.५० ठेवा. मासा घेऊन लीडर तुटलाच, तर त्याच्या तोंडात गळ आणि वीतभर दोरा राहतो. मागे शिसं ओढत तो खोडाला अडकून मरत नाही. माझ्या लेखी हे फार महत्त्वाचं आहे. आपल्या हातून सुटलेला मासा जगला पाहिजे.

मामा तलावांचं वेगळं. कोहळ्यांनी गोंड राजवटीत बांधलेले हे तलाव, तळ मऊ गाळाचा, कडेला बेशरमाची झुडपं आणि कमळाचे देठ. इथे घासणं कमी, गुंतणं जास्त. ०.४० चा लीडर एक हात लांब ठेवा, आणि गळापासून चार बोटांवर थर्माकोलचा किंवा बुचाचा छोटा तुकडा ओवा. त्यामुळे आमिष गाळात न बुडता थोडं वर तरंगतं आणि मांगराला सापडतं.

लांबीचा नियम यातच येतो. स्थिर पाणी असेल तर लीडर लांब, हातभर किंवा थोडा जास्त. वाहत्या पाण्यात वीतभरच. धारेत लांब लीडर आमिषासकट गरगर फिरतो, स्वतःभोवती पीळ खातो आणि जे दिसेल त्याला अडकतो. आखूड लीडरचा दुसराही फायदा असा की मासा आमिष खोल गिळण्याआधीच शिशाचा भार त्याला जाणवतो आणि गळ ओठाच्या कोपऱ्यात बसतो.

गाठीबद्दल फार बोलत नाही, ती डोळ्यांनी बघून शिकायची गोष्ट आहे. एवढंच, की दोऱ्याचे पाच-सहा वेढे घ्या, आवळण्याआधी गाठ तोंडात धरून ओली करा आणि हळू ओढा. कोरडी गाठ आवळताना तापते आणि नायलॉन तिथेच मरतो. ०.६० च्या पुढच्या जाड दोऱ्याला गळाच्या कडीत गाठ मारण्यापेक्षा दांडीवर वेढे घेऊन बांधलेलं चांगलं. आणि प्रत्येक माशानंतर लीडर अंगठा आणि नखाच्या मधून ओढून बघा. कुठे खरखर लागली तर कापून नवा लावा. पाच-सहा लीडर घरूनच गळासह बांधून पुठ्ठ्यावर गुंडाळून नेले की रात्री बॅटरीच्या उजेडात हाल होत नाहीत.

कापलेले तुकडे मात्र काठावर टाकू नका. नायलॉन कुजायला पिढ्या लागतात. गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या काठी सारस चालतो. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरला आहे. त्याच्या पायाला असा तुकडा गुंडाळला गेला तर सोडवायला कोणी नसतं. पाणकावळा, कासव, चरायला आलेलं वासरू, सगळ्यांचं तेच. खिशात एक प्लास्टिकची डबी ठेवा, तुकडे तीत टाका आणि घरी नेऊन बारीक कापून मगच कचऱ्यात घाला.

मासा खोल गिळून बसला आणि तुम्हाला तो सोडायचा असेल, तर चिमट्याने आतडं ओरबाडू नका. लीडर तोंडाजवळ कापा आणि सोडून द्या. साधा लोखंडी गळ पोटात हळूहळू गंजतो, स्टेनलेसचा तसाच राहतो, म्हणून गळ घेताना साधाच घ्या. मासा हातात धरताना छातीच्या दोन्ही पंखांचे आणि पाठीवरचा काटा सांभाळा. शिंगीचा काटा विषारी असतो. टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, वेदना उतरते. सूज वाढली किंवा श्वास जड झाला तर थेट दवाखान्यात जा.

पावसाच्या पहिल्या पुरात यातले बरेच मासे अंडी घालायला उथळ पाण्याकडे, नाल्यांकडे चढतात. त्या दिवसांत पोट फुगलेली मादी लागली तर सोडा. शिवडा आज जगभर धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे आणि आपला गावठी मांगूर त्याहूनही बिकट अवस्थेत आहे. बाजारात जो मोठा काळा थाई मांगूर दिसतो तो निराळा. त्याच्या पालनाला देशात बंदी आहे. तो गळाला लागला तर पाण्यात परत टाकू नका. आणि तलाव मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात असेल तर गळ टाकण्यापूर्वी तिथल्या मंडळींना विचारा. पेंच आणि ताडोबाच्या जंगलातल्या पाण्यात गळ टाकायचाच नाही, तो गुन्हा आहे.

या आठवड्यात नदीवर जाणार असाल तर ०.५० चं एक बंडल, चार फिरक्या आणि ०.२५ चा थोडा बारीक दोरा एवढं घेऊन जा. पहिला गळ टाकण्याआधी नुसतं शिसं बांधून तळ चाचपून बघा. शिसं टकटक करत ओढलं गेलं तर दगड, जड आणि सलग आलं तर गाळ, झटके देत अडकत आलं तर लाकूड. त्याप्रमाणे लीडर बांधा. नमस्कार.