नदीच्या वाट्याचे पाणी

श्रोतेहो, नमस्कार. नदीचे पाणी समुद्राला मिळाले की ते वाया गेले, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मोझांबिकच्या किनाऱ्यावर कोळंबी पकडणाऱ्यांना मात्र हे पटणार नाही, कारण झांबेझीच्या पुराचे पाणी समुद्रात कमी आले की त्यांच्या जाळ्यातली कोळंबीही घटते. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेने तर 1998 च्या राष्ट्रीय जल कायद्याने असा दंडकच घातला, की माणसांच्या मूलभूत गरजांपुरते आणि नदीतील जीवसृष्टी टिकण्यापुरते पाणी आधी राखून ठेवावे, आणि उरेल त्याचेच वाटप करावे.

या तरतुदीला आधार होता तो विद्यापीठांतील संशोधनाचा. नदीलाही पाणी हवे, एवढ्यावर धरणाच्या अभियंत्याचे भागत नाही. किती, कोणत्या महिन्यात आणि कशासाठी, हे त्याला आकड्यांत सांगावे लागते. केपटाउन विद्यापीठातील जॅकी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी पद्धती घडवल्या. मासे, कीटक, काठची झाडे, पात्राची घडण अशा विषयांचे जाणकार एकत्र बसतात आणि कोरड्या महिन्यांत किमान धार किती हवी, कोणत्या लहान लोंढ्याबरोबर मासे अंडी घालायला निघतात, साचलेला गाळ धुऊन नेणारा पूर केवढा असावा, हे एकेक करून ठरवतात. लेसोथोतील धरणांच्या वेळी नदीकाठच्या लोकांच्या नुकसानीचाही हिशेब या कामात धरला गेला. किंग यांना 2019 चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला.

नदीची प्रकृती तपासण्याची तिथली रीत तर पाहण्यासारखी आहे. विद्यार्थी पाण्यात उतरून पायाने दगडगोटे ढवळतो, प्रवाहात धरलेल्या जाळीत जे अडकेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओततो आणि त्यातले जीव ओळखू लागतो. प्रत्येक कुळाला 1 ते 15 पैकी गुण ठरलेले असतात: घाणीतही तग धरणाऱ्या कृमींना 1, तर स्वच्छ, खेळत्या पाण्यावाचून न जगणाऱ्या काही मेफ्लाय कीटकांच्या पिल्लांना कितीतरी अधिक. महागडे उपकरण लागत नाही. लागते ती सरावलेली नजर, आणि ती पुस्तकातून येत नाही. याच पद्धतीची ‘मिनीसास’ ही सोपी आवृत्ती शाळकरी मुलेही वापरतात.

कायद्यातील तरतूद प्रत्यक्षात उतरवायला मात्र फार वेळ लागला, आणि माझ्या मते त्याचे एक मोठे कारण अशा तयार माणसांचा तुटवडा हे आहे. 2000 साली स्थापन झालेले ‘वॉटरनेट’ हे विद्यापीठांचे जाळे त्यासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवते. झिंबाब्वे किंवा दार-ए-सलाम विद्यापीठात पायाभूत विषय शिकलेला विद्यार्थी विशेष अभ्यासासाठी अन्य देशात जातो. झांबेझीचे खोरे आठ देशांत विभागलेले असल्यामुळे या येण्याजाण्याला निराळेच महत्त्व आहे: वरच्या अंगाला धरण चालवणारा अधिकारी आणि खालच्या अंगाला पुराची वाट पाहणारा अधिकारी वाटाघाटींना समोरासमोर बसतील, तेव्हा प्रवाहाच्या नोंदी कशा वाचायच्या हे दोघे कदाचित एकाच वर्गात शिकलेले असतील.