सोयाबीनचा पैसा आणि विम्याचा हप्ता

[लातूर बाजार समिती. सोयाबीनचे ढीग, हमाल, काटा.]

दसरा ते दिवाळी. कोरडवाहू मराठवाड्यात वर्षाचा मोठा पैसा घरात येतो तो याच दिवसांत. आरोग्य विम्याचा हप्ता जूनमध्ये येत असेल, तर तो बियाण्या-खताच्या पैशातूनच काढावा लागतो, आणि तिथेच तो राहून जातो.

तारीख हुकली, तर वार्षिक पॉलिसीला ३० दिवसांची मुदत मिळते. त्यात पैसे भरले की मागची वर्षं धरली जातात. मात्र भरण्याआधीच्या दिवसांत कोणी ॲडमिट झालं, तर तो खर्च मिळत नाही. मुदत उलटली की नवी पॉलिसी, आणि आधीपासूनच्या बीपी-शुगरसाठी ३६ महिन्यांपर्यंतची वाट पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून पहिली पॉलिसी काढायचीच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (एकाच विमा रकमेत सगळं कुटुंब) पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे. २०,००० च्या हप्त्यावर ३,६०० रुपये कर पडायचा.

[टेबलावर दोन पॉलिसी, कॅल्क्युलेटरवर बोटं.]

मोठी पॉलिसी परवडत नसेल, तर ३ लाखांची मूळ पॉलिसी ठेवा आणि वर ३ लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप घ्या. डिडक्टिबल म्हणजे पहिले ३ लाख ही दुसरी पॉलिसी देणार नाही. तेवढी जोखीम कमी, म्हणून तिचा हप्ता कमी.

नावातला ‘सुपर’ नीट बघून घ्या. समजा, एकाच वर्षात वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, बिल २ लाख. पुढे आईच्या खुब्याचं हाड मोडलं, बिल अडीच लाख. मूळ पॉलिसी ३ लाखांवर संपली. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो, त्यामुळे उरलेले दीड लाख त्यातून मिळू शकतात. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतो. एकही बिल ३ लाखांवर गेलं नाही, म्हणजे त्यातून काहीच नाही.

[दवाखाना. खोल्यांच्या दरांचा फलक.]

आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा असते: विमा रकमेच्या २ टक्के, दिवसाला जास्तीत जास्त ५,०००. खोली ८,००० ची घेतली, तर फक्त वरचे ३,००० जात नाहीत. डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. ८०,००० चे ५०,००० होतात. औषधं आणि इम्प्लांट या कपातीत येत नाहीत. राहिलेल्या रकमेवर ५ टक्के आपला वाटा वेगळा. खोली निवडण्याआधी मर्यादा विचारा.

[डिस्चार्ज काउंटर. रांग.]

जे कापलं जातं, ते उसनवारीवर भागतं.

[रेशन कार्ड, आरोग्यमित्राचं टेबल.]

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, हप्ता नाही. अट एवढीच, की दवाखाना योजनेतला हवा आणि उपचार यादीतला. दाखल होतानाच रेशन कार्ड आणि ओळखपत्र आरोग्यमित्राकडे, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनीसाकडे द्या. सुनेचं नाव कार्डावर चढलेलं नसेल, तर तिथेच अडतं. ते तहसीलच्या पुरवठा शाखेत आधीच चढवून घ्या.