दोन दोऱ्या आणि एक रस्ता

[दृश्य: कारवारचा किनारा, सकाळ]

कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर 'आयएनएस चपळ' ही निवृत्त युद्धनौका जमिनीवर आणून ठेवली आहे. तिच्याजवळच एक पुतळा दिसतो. हे मेजर रामा राघोबा राणे. इथून जवळच्या चेंडिया गावचे. परमवीर चक्राचे मानकरी, आणि पेशानं सॅपर, म्हणजे फौजेतले इंजिनिअर.

जन्म १९१८ चा. १९४० साली ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. खडकीला शिकले, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले. सॅपरचं काम लढाईच्या बातम्यांत फारसं येत नाही. पूल बांधायचे, रस्ते करायचे, शत्रूनं पेरलेले सुरुंग हातानं काढायचे. मागून येणाऱ्यांना वाट करून द्यायची.

[दृश्य: नौशेरा–राजौरी रस्ता, डोंगराची वळणं]

एप्रिल १९४८. जम्मू-काश्मीरमध्ये पहिलं भारत–पाक युद्ध चालू होतं. तिथलं राजौरी शत्रूच्या ताब्यात होतं आणि तिथल्या लोकांपर्यंत लवकर पोहोचायचं होतं. रणगाडे तयार होते, पण जायला रस्ताच उरला नव्हता. मोऱ्या उडवलेल्या, पाइनची झाडं आडवी पाडलेली, आणि मधल्या मातीत सुरुंग.

८ एप्रिलला काम सुरू होण्याआधीच राण्यांच्या तुकडीवर उखळी तोफांचे गोळे पडले. दोन सॅपर जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. उरलेल्यांना गोळा करून ते पुन्हा कामाला लागले. संध्याकाळी बरवाली टेकडी हाती आली, तरी आजूबाजूला शत्रू होताच. त्याच्या मशीनगनसमोर रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता खणणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सुरुवात.

याच मोहिमेतली एक गोष्ट सॅपर मंडळी आजही सांगतात. गोळीबारामुळे उघड्यावर सुरुंग काढता येईनात, तेव्हा राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. गाडा हळूहळू सरकायचा, तसे तेही खाली रांगत पुढे सरकायचे. चालकाला खूण द्यायला दोन दोऱ्या. एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. मला त्यांचं सगळं मोठेपण या दोन दोऱ्यांत दिसतं. डोक्यावर अनेक टनांचं लोखंड, समोर सुरुंग, आणि अशा वेळी हा माणूस शांतपणे विचार करतो, की चालकाला आपलं म्हणणं कळवायचं कसं!

१० तारखेला पहाटे पावणेपाचला ते पुन्हा अडथळ्यापाशी हजर होते. पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग, वरून मशीनगन. साडेसहापर्यंत वाट मोकळी झाली. रणगाडे चिंगसला पोहोचले. मुघलांची जुनी सराई आहे, तेच हे चिंगस. १२ एप्रिलला राजौरी मुक्त झालं.

[दृश्य: जुने कौटुंबिक फोटो]

पहिल्या परमवीरांपैकी बहुतेकांना तो सन्मान मरणोत्तर मिळाला. राणे घरी परतले. १९५५ साली त्यांचं लग्न झालं, मुलंबाळं झाली. २८ वर्षांच्या नोकरीनंतर १९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले. सुरुंग चाचपणाऱ्या त्या हातांनी पुढं पोरांची बोटं धरली, ही गोष्ट मला पदकाएवढीच मोलाची वाटते. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा ते ७६ वर्षांचे होते.

[दृश्य: पुन्हा पुतळा, मागे समुद्र]

परमवीर चक्राच्या मानपत्रात ८ एप्रिलच्या त्या दोन सॅपरांचा उल्लेख एका ओळीत येतो. त्यांची नावं तिथं दिलेली नाहीत. मानपत्राची ती ओळ संपते आणि पुढच्याच ओळीत राणे उठून कामाला लागलेले असतात.